बंदी झाली, आता डॉक्टरांना शिकवा

ई-सिगारेटवर आपल्या देशात २०१९ पासून बंदी आहे. त्या वर्षी १८ सप्टेंबरला अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. बनविणे, बाहेरून आणणे, विकणे, जाहिरात करणे, सर्वच गुन्हा. पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायद्याचे आम्ही स्वागतच करतो. पण नुसत्या बंदीने किती साधते, हे पांढुर्णा-सौंसरच्या जुन्या घरांना वेगळे सांगायला नको. गुटखाबंदीत मध्यप्रदेश देशात पहिला, १ एप्रिल २०१२ पासून. लगेच पानमसाल्याची एक पुडी व तंबाखूची दुसरी, अशी जोडी बाजारात आली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्याबद्दल पुन्हा बजावावे लागले. सीमेपलीकडच्या खर्‍याबद्दल तर न बोललेलेच बरे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत आपल्या राज्यातील प्रौढांपैकी ३४ टक्के लोक तंबाखू घेणारे निघाले. देशाचा आकडा २९ च्या आत होता.

गुटखा निदान लपत नाही. दात सांगतात, वास सांगतो. ही नवी वस्तू मात्र पेन किंवा पेन ड्राइव्हसारखी दिसते, तिला आंब्या-पुदिन्याचा वास येतो आणि आईला वाटते, मुलाने अत्तर लावले असेल! हे आपोआप घडलेले नाही. अमेरिकेत ज्यूल कंपनीने याच रूपावर, याच स्वादांवर आणि सोशल मीडियावरील तरुण चेहर्‍यांवर धंदा वाढविला. पुढे २०२२ मध्ये तिला तेहतीस-चौतीस राज्यांशी सुमारे ४४ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. इकडे बंदीनंतरही इंटरनेटवर विक्री सुरू राहिली, म्हणून २०२३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १५ वेबसाइटना नोटिसा दिल्या. पोलीस पानठेला तपासू शकतात, प्रत्येक मुलाचा मोबाईल कसा तपासणार?

म्हणून आम्ही डॉक्टरांकडे पाहतो. धडधड, खोकला, झोप न लागणे, चिडचिड घेऊन मुलगा त्यांच्याकडेच येतो. पण "सिगारेट ओढतोस का?" असे विचारले तर तो "नाही" म्हणेल, आणि त्याच्या समजुतीप्रमाणे ते खरेही असेल. त्याच्या लेखी तो "फ्लेवर" आहे, "वाफ" आहे. त्यात निकोटिन असते आणि कोवळ्या मेंदूला ते लवकर पकडते, हे त्याला जाहिरातीने सांगितलेले नाही. व्हेप, पेन, हुक्का अशी नावे घेऊन विचारावे लागते, आणि वडिलांना बाहेर बसवून विचारावे लागते. पुढे न रागावता सोडविण्याचा मार्ग सांगावा लागतो. ही शिकण्याची गोष्ट आहे, अंगी आपोआप येत नाही. आणि ज्या मुलाचे घर मराठी, त्याच्याशी हे मराठीत बोलता आले तर तो लवकर मोकळा होतो. प्रशिक्षण देताना प्रशासनाने एवढे ध्यानात ठेवावे.

पांढुर्णा ऑक्टोबर २०२३ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्हा म्हणजे केवळ कलेक्टर कचेरीची पाटी नव्हे. सरकारी डॉक्टर, नर्सबाई, आशा कार्यकर्त्या यांच्यासोबत खाजगी डॉक्टर, दंतवैद्य व मेडिकल दुकानदार यांनाही वर्षातून एक दिवस एकत्र बसवावे, या वस्तू हातात देऊन दाखवाव्यात. त्यासाठी नवी योजना नको. १० ते १९ वयाच्या मुलांसाठी २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, व्यसन हा त्याच्या सहा विषयांपैकी एक आहे. मते मागायला दारी येणार्‍या पुढार्‍यांना समाजबांधवांनी हाच प्रश्न विचारावा: आमच्या तहसिलीत असे प्रशिक्षण केव्हा, आणि किती जणांचे?

आपल्यातही अनेकांची दुकाने आहेत. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत आणि अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे २००३ च्या कायद्याने बंद आहे, हे त्यांना माहीत आहे. दुकानाच्या दर्शनी भागी तंबाखूमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन मराठीत लिहून लावावी: १८००-११-२३५६. फोनला पैसे पडत नाहीत.