उरलेल्या भित्तिकागदाचे सार्थक

गेल्या दिवाळीपूर्वी आमच्या बडोद्याच्या घरी बैठकीच्या एका भिंतीस भित्तिकागद लावला. भिंत १० फूट रुंद व तितकीच उंच. बाजारात मिळणारी गुंडाळी बहुधा २१ इंच रुंद व ३३ फूट लांब असते. तीतून १० फुटी पट्टे तीनच निघतात व ३ फुटांचा तुकडा उरतो. दोन गुंडाळ्यांत भिंत झाली. दोन तुकडे आणि खबरदारी म्हणून आणलेली तिसरी गुंडाळी माळ्यावर गेली.

तिसऱ्या गुंडाळीचा समाचार आमच्या सौभाग्यवतींनी घेतला. कपाटाचे खण, भांड्यांच्या फळ्या, आहेराची पाकिटे यांत ती पाहता पाहता संपली. प्लास्टिकचा लेप असलेला कागद ओल्या फडक्याने पुसता येतो, म्हणून फळ्यांस उत्तम. मात्र चूल, समई यांपासून तो दूरच ठेवावा.

उरलेल्या दोन तुकड्यांची कथा वेगळी आहे. आमच्या पुतण्याची कन्या गुजराती शाळेत चौथीत शिकते. एके दिवशी वडिलांच्या वेळचे मराठी पुस्तकांचे कपाट उघडून तिने विचारले, ‘‘आजोबा, ही पुस्तकं इतकी मळकी का?’’ आम्ही निरुत्तर झालो. दर जून महिन्यात मुलांना ‘पुस्तकांस वेष्टन घाला’ असे बजावणारे आम्ही मुख्याध्यापक! सयाजीराव महाराजांनी १९१० साली ज्या नगरीत मध्यवर्ती ग्रंथालय स्थापन केले, त्याच नगरीत आमच्या घरची मराठी पुस्तके अशी उघडी पडलेली.

रविवारी आम्ही दोघे कात्री घेऊन बसलो. एका तुकड्यात लहान आकाराची चार पुस्तके बसतात. उघड्या पुस्तकाहून कागद चहूबाजूंनी दोन इंच अधिक कापावा, वरखालच्या कडा पुस्तकाच्या उंचीइतक्या दुमडाव्यात आणि बाजूच्या घड्यांत पुठ्ठे सरकवावेत. जुन्या पुस्तकास गोंद लावू नये. पाठीमागे चिकट थर असलेला भित्तिकागद तर मुळीच वापरू नये. तो काढू जाता मूळ मुखपृष्ठही निघून येते.

आठ पुस्तके सजली. चिठ्ठ्यांवर नावे तिने लिहिली, ती सर्व शिरोरेषेविना! गुजराती लिपीचा हात तो. आम्ही दाखवून देताच तिने पट्टी घेऊन प्रत्येक नावावर रेघ ओढली आणि विचारले, ‘‘आता सांगा, यात काय आहे?’’ आम्ही म्हटले, ‘‘वाचून पाहा.’’ पहिले पान वाचावयास तिला पाव तास लागला. आता रोज एक पान होते. ‘दुसरी भिंत कधी?’ अशी तिची पृच्छा सुरू आहे, कारण कपाटात अजून तीन खण भरून पुस्तके आहेत.

परप्रांती राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या घरी असे एखादे कपाट असेल. माळ्यावर कागद उरला असेल तर त्याचा पहिला मान त्या कपाटास द्यावा. मात्र पुस्तकांची नावे मुलांच्याच हातून लिहवून घ्यावीत, एवढीच आमची विनंती.