भिंतींनंतर काय कोसळते?

पुण्याहून किल्लारीला जाणारी वाट भिगवण-इंदापूरवरून जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे नुकतीच निजली असताना, लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याची भूमी हादरली आणि दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसे गाडली गेली. मदतीमागोमाग बघ्यांची झुंबड उडाली. ढिगाऱ्यांतून दागिने लांबवणारे हातही पुढे आले. मृतदेह काढता काढता जवानांना पहाराही द्यावा लागला. ही आठवण सुखद नाही, पण ती पुसून टाकणे प्रामाणिकपणाचे नव्हे.

तरीही तेथे राज्य कोलमडले नाही. मुख्यमंत्री शरद पवार त्याच सकाळी तेथे पोहोचले. राजकीय मतभेद बाजूला ठेवून हे नमूद केलेच पाहिजे. भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्यात आणली. गावाला गाव ओळखत होते. कोणत्या घरात किती माणसे झोपली होती, हे शेजारी सांगू शकत होता.

१२ जानेवारी २०१० रोजी हैतीत याच्या उलट घडले. राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद कोसळला, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे मुख्यालय कोसळले, राजधानीतील तुरुंगातून सुमारे चार हजार कैदी निसटले. ज्या देशाने १९९५ मध्ये आपले सैन्य मोडीत काढले आणि नंतर सुव्यवस्था परक्या पथकांवर सोपवली, त्याला सावरणारे घरचे कोण उरणार? (त्या पथकांत आपल्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवानही होते.) लूटमारीची चित्रे जगभर गाजली, नुसत्या हातांनी शेजाऱ्यांना उपसून काढणारे सामान्य हैतीवासी मात्र कमी दिसले. त्याच महिन्याच्या अखेरीस ३३ मुलांना रीतसर कागदपत्रांविना सीमेपार नेऊ पाहणारे दहा अमेरिकी पकडले गेले. त्यांतील अनेक मुलांचे आईबाप हयात होते! २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्षांची हत्या झाली, मार्च २०२४ मध्ये टोळ्यांनी तोच तुरुंग फोडला. गरिबी हे याचे एक कारण खरे. पण किल्लारी तरी कोठे श्रीमंत होती? अर्थात, किल्लारी पडली तेव्हा मुंबई उभी होती, हा भेदही ध्यानात घ्यावा लागेल.

किल्लारी तेव्हाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. म्हणून बारामती-इंदापूरने निर्धास्त राहण्याचे कारण नाही. येथील जुन्या गावठाणांत आजही माळवदाची घरे आहेत. पण खरी चिंता वेगळी आहे. १९९३ मधील ती ओळख येथे आता उरली आहे काय? बारामतीच्या औद्योगिक वसाहतीभोवती भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या परप्रांतीय कामगाराचे नाव घरमालकाला तरी पुरते ठाऊक असते काय? उसाच्या फडाजवळील कोपी पडून कोणी मरणार नाही; परंतु बीडहून आलेल्या त्या कुटुंबाचे नाव मदतीच्या यादीत नसेल आणि चोरीचा पहिला संशय मात्र त्याच्यावरच येईल. अव्यवस्थेचा आरंभ होतो तो येथे.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण निर्माण केले. पण कोपीतील मूल कोणाचे, हे पुण्यातील कार्यालयाला कसे कळावे? ते गावालाच कळले पाहिजे. गळीत हंगाम सुरू होताच ग्रामसुरक्षा दलाच्या तरुणांनी फडावर जावे, संशयाने नव्हे, शेजारी म्हणून. टोळीतील माणसांची नावे मुकादमाकडे असतातच. मुलांच्या नावांसह ती ग्रामपंचायतीच्या दप्तरात उतरवून घ्यायला एक संध्याकाळ पुरेल.