आदेशाचा कागद कुठे आहे?

२६ फेब्रुवारी २०२४ ला, सोमवारी, जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर या तीन जिल्ह्यांत सुमारे दहा तास इंटरनेट बंद ठेवलं गेलं. मराठा आरक्षणाचं आंदोलन तापलं होतं, अंबड तालुक्यात संचारबंदी होती आणि अफवा पसरू नयेत म्हणून नेट बंद केल्याचं सांगण्यात आलं. आरक्षणाच्या मागणीवर आपल्या जिल्ह्यात घराघरांत मतं आहेत, त्यात मी आज शिरत नाही. मला बोलायचं आहे ते त्या दहा तासांबद्दल. ते कुणी ठरवले, कोणत्या कायद्याने ठरवले, आणि त्या आदेशाचा कागद मी किंवा माझ्या ओळखीतल्या कुणीही आजवर का पाहिलेला नाही, याबद्दल.

जालन्याच्या नवीन मोंढ्यात तेव्हा तूर आणि हरभऱ्याची आवक चालू होती. बदनापूरकडचा एक शेतकरी पट्टी हातात घेऊन आडतीच्या पायरीवर बसला होता. सौदा झालेला, माप झालेलं, हमाली-तोलाई कापून हिशोब झालेला. पण आडत्याच्या फोनवरून पैसे जाईनात. टेम्पोवाला भाड्यासाठी खोळंबलेला, त्याला दुसरी खेप धरायची होती. खिशात रोकड ना याच्या ना त्याच्या. शेवटी आडत्याने गल्ल्यातून भाड्यापुरते पैसे काढून दिले आणि पट्टीच्या पाठीमागे पेनने टिपून ठेवलं. जुनी ओळख म्हणून भागलं. बाजूच्या चहाच्या गाड्यावरचा साउंड बॉक्स मुका होता. चहावाला कप भरण्याआधी ‘सुटे आहेत का?’ विचारत होता आणि बरेच हमाल नुसती मान हलवून पुढे जात होते. दिवसभराच्या धंद्यावर संध्याकाळचा किराणा नेणाऱ्या माणसाचे हे दहा तास कुठल्याही नोंदीत नाहीत.

आता कुणी म्हणेल, रोकड जवळ ठेवायला काय झालं? उत्तर असं की ती सवय मोडायला आपल्याला सांगितलं गेलं. २०१६ च्या नोटाबंदीपासून सरकार कानीकपाळी ओरडत आलं की व्यवहार फोनवरून करा. त्यापुढे एकेक काम नेटवर गेलं. १५ ऑगस्ट २०२१ पासून सातबाऱ्यावरची पिकाची नोंद ई-पीक पाहणीच्या ॲपवर आली. रेशनच्या दुकानात ई-पॉस मशीनवर अंगठा उमटल्याशिवाय धान्य मिळत नाही. रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी १ जानेवारी २०२३ पासून ॲपवर फोटो काढून घेतली जाते. त्या वेळच्या पीकविम्यात गारपिटीचं नुकसान ७२ तासांच्या आत कळवायचं होतं, आणि गावोगाव लोक ते ॲपवरूनच कळवायचे. फेब्रुवारी म्हणजे आमच्याकडे गारपिटीचेच दिवस. त्या ७२ मधले दहा तास नेट बंद राहिलं तर मुदत दहा तासांनी पुढे सरकते का? असं कधी ऐकलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. ज्या सरकारने नेट वापरायची सक्ती केली, त्याने ते बंद करताना लेखी उत्तर द्यायला हवं आणि पर्यायी वाट मोकळी ठेवायला हवी. दोन्ही अंगांनी माणसाला धरायचं आणि जबाबदारी कुठल्याच अंगाने घ्यायची नाही, हे चालू देता कामा नये.

कायदा काय म्हणतो ते पाहू. फेब्रुवारी २०२४ मध्ये नेट बंद करण्याचा अधिकार १८८५ च्या तार कायद्यातून येत होता. तार सेवा २०१३ च्या जुलैत कायमची थांबली, इंग्रजांनी केलेला कायदा मात्र पुढे चालत राहिला. त्याच्या आधारे २०१७ मध्ये नियम झाले. नेट बंदीचा आदेश राज्याच्या गृह सचिवांनी काढायचा. अगदीच अडचण असेल तर सहसचिव दर्जाच्या अधिकृत अधिकाऱ्याने काढायचा आणि चोवीस तासांत वरून मंजुरी घ्यायची. मग मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पाच कामकाजाच्या दिवसांत तो तपासायचा. पण ही समितीही सचिवांचीच. आदेश देणारे आणि तपासणारे एकाच मंत्रालयाच्या इमारतीतले. त्यात ना न्यायाधीश, ना लोकप्रतिनिधी, ना व्यापारी, ना शेतकरी.

काश्मीरमधल्या नेटबंदीविरुद्ध ‘काश्मीर टाइम्स’च्या संपादक अनुराधा भसीन सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १० जानेवारी २०२० ला निकाल लागला. न्यायालयाने सांगितलं की इंटरनेटवरून बोलणं आणि इंटरनेटवरून धंदा करणं या दोन्हींना घटनेच्या १९ व्या कलमाचं संरक्षण आहे. बंदी बेमुदत असू शकत नाही, ती गरजेपुरतीच हवी, आणि प्रत्येक आदेश प्रसिद्ध झालाच पाहिजे, म्हणजे ज्याला तो अन्यायाचा वाटेल त्याला कोर्टात जाता येईल. या शेवटच्या वाक्यात सगळं आलं. कागदच हातात नसेल तर वकील दाद मागणार कशावर?

निकालानंतर जवळपास दोन वर्षांनी, डिसेंबर २०२१ मध्ये, शशी थरूर यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीने याच विषयावर अहवाल दिला. देशात किती वेळा नेट बंद केलं याची नोंद ना गृह मंत्रालयाकडे होती, ना दूरसंचार विभागाकडे. मोजदाद होते ती बाहेर. ‘ॲक्सेस नाऊ’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मोजणीत २०२३ मध्ये भारतात ११६ वेळा आणि २०२४ मध्ये ८४ वेळा नेट बंद झालं. आपल्या दहा तासांचा हिशोब आपल्याला परदेशी संस्थेच्या यादीत शोधावा लागतो, याचं मला वाईट वाटतं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये नव्या दूरसंचार कायद्याखाली नवे नियम आले. आता आदेश प्रसिद्ध करणं, त्यात कारण, भाग आणि मुदत लिहिणं बंधनकारक आहे आणि एका आदेशाची मुदत पंधरा दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. हे पाऊल चांगलं आहे आणि तसं म्हटलंच पाहिजे. पण समितीने काय तपासलं, काय ठरवलं, हे लोकांसमोर मांडण्याची सक्ती याही नियमांत नाही.

सरकारची बाजू पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला पोरं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेने जमावाने भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना ठार मारलं. ते मंगळवेढ्याकडून आलेले, पोटासाठी फिरणारे लोक होते. फोनवर फिरणाऱ्या अफवेने काय होतं हे महाराष्ट्राने तेव्हा पाहिलं. पण त्यानंतर काय केलं गेलं तेही आठवावं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी पुढे पाठवता येणार नाही अशी मर्यादा घातली. अफवेचा वेग कमी झाला आणि पैसे, दवाखाना, शाळा, बाजार यांच्या वाटा उघड्या राहिल्या. आणि नेट पूर्ण बंद असेल तर अफवेला उत्तर तरी कसं पोचणार? गावातला वाईट निरोप तोंडोतोंडी फिरतच राहतो, फक्त पोलिसांचा खुलासा अडकून पडतो.

आता कंपन्यांकडे वळू, कारण बटण प्रत्यक्षात त्या दाबतात. आदेश पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यामार्फत कंपनीच्या नेमलेल्या माणसाकडे जातो आणि टॉवरवरचा डेटा थांबतो. परवान्याच्या अटींमुळे कंपनीला नाही म्हणता येत नाही, हे समजू शकतं. पण ग्राहकाला खरं सांगायला कुणी अडवलं आहे? त्या सोमवारी मी माझ्या कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला, तर ‘आपल्या भागात तांत्रिक काम सुरू आहे’ असं उत्तर मिळालं. ते तांत्रिक काम नव्हतं. पैसे भरणाऱ्या माणसाला एवढं तरी खरं कळायला हवं.

जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी आगेमागे दर वाढवले, तेव्हा सरकारने दर बाजारावर सोडलेले असल्याचं सांगितलं गेलं. नेट बंद पडलं तेव्हाही जबाबदारी कुणी घेतली नाही. भरपाईचंही तसंच. नेटवर्क चोवीस तासांहून अधिक बंद राहिलं तर ग्राहकाला सूट किंवा मुदतवाढ द्यावी असा दूरसंचार नियामक ट्रायचा नियम २०२४ मध्ये झाला. दहा तासांचा बंद त्यात बसतच नाही. मोंढ्यातल्या चहावाल्याने अर्ज करायचा तरी कुणाकडे?

बहुतेक ठिकाणी बंद होतो तो मोबाइलचा डेटा. वायरच्या ब्रॉडबँडला सहसा हात लागत नाही. म्हणजे बंगल्यातलं, ऑफिसातलं काम चालू राहतं आणि ज्याचं सगळं जग एका स्मार्टफोनमध्ये आहे तो अडकतो. घनसावंगी, मंठा, परतूरच्या गावांत वायर पोचलेली घरं किती, हे वाचकांना माहीत आहे. एकच आदेश गरिबावर जास्त जड पडतो, हे आदेश काढणाऱ्याच्या टेबलावर लिहिलेलं असायला हवं.

पर्याय नाहीत असंही नाही. फोन आणि एसएमएस चालू असतील तर साध्या मोबाइलवरूनही *९९# दाबून बँकेतले पैसे पाठवता येतात, नेट लागत नाही. साध्या फोनसाठी ‘यूपीआय १२३पे’ मार्च २०२२ पासून आहे. मोंढ्यात मी विचारत गेलो तर हे माहीत असलेला माणूस क्वचितच भेटला. उलट, यूपीआयचे सुमारे ८० टक्के व्यवहार नेटवर चालणाऱ्या दोनच ॲपवर होतात, एक वॉलमार्टच्या मालकीचं, दुसरं गुगलचं. कुणा एका ॲपकडे ३० टक्क्यांहून अधिक व्यवहार नसावेत, असं राष्ट्रीय देयक महामंडळाने नोव्हेंबर २०२० मध्ये ठरवलं होतं. तो नियम पाळायची मुदत ढकलत ढकलत २०२६ च्या अखेरीपर्यंत गेली. कंपन्यांवरचा नियम इतका थांबू शकतो आणि आमच्यावरचा बंद रातोरात लागू होतो, यातली तफावत मला सोसत नाही.

आवाज उठवला तर हालतं, याचे दाखले आहेत. २०१५ मध्ये नेटवर काय फुकट आणि काय महाग हे कंपन्यांनी ठरवू नये म्हणून दहा लाखांहून अधिक लोकांनी ट्रायला ईमेल केले आणि ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने तसे भेदभावाचे दर बंद केले. २०२५ च्या नोव्हेंबरअखेरीस प्रत्येक नव्या फोनमध्ये ‘संचार साथी’ ॲप आधीच घालून देण्याचा आदेश दूरसंचार विभागाने काढला होता. खाजगीपणाच्या प्रश्नावरून ओरड झाली आणि ३ डिसेंबरला ती सक्ती मागे घेतली गेली.

म्हणून जालनेकरांना, विशेषतः मोंढ्यातल्या व्यापाऱ्यांच्या आणि हमालांच्या संघटनांना, एक काम सुचवतो. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचा असतो आणि तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक असतं. मुंबईच्या गृह विभागाला तीन गोष्टी विचारायच्या: २६ फेब्रुवारी २०२४ च्या आदेशाची प्रत, तो तपासणाऱ्या समितीच्या बैठकीचं इतिवृत्त, आणि त्या दिवशी रेशन, दवाखाने व पीकविमा यांच्यासाठी काय पर्यायी सोय केली होती त्याची नोंद. आणि यापुढे असा आदेश निघालाच तर तो मराठीत, निघाल्या क्षणी, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फलकावर आणि मोंढ्याच्या दारात लावावा, अशी मागणी त्याच पत्रात जोडावी. माझा अर्ज या आठवड्यात जातो आहे. सोबत ज्यांना आपली सही जोडायची आहे त्यांनी कळवावं.