सोमवार, दुपारी तीन ते पाच

जगाच्या राजकारणावर तासभर बोलणाऱ्या शहराला स्वतःचा प्रभाग क्रमांक आठवत नसेल, तर दोष केवळ बुद्धीत शोधून भागणार नाही.

पुण्यातल्या कित्येक सोसायट्यांत मजल्यागणिक एखादे तरी घर असे असते, की ज्यातले लेक, सून वा जावई अमेरिकेत आहेत. त्यामुळे ‘अमेरिकी माणूस दिवसेंदिवस मठ्ठ होत चालला आहे काय?’ या प्रश्नावर अधिकारवाणीने बोलणाऱ्यांची या शहरात वानवा नाही. सकाळी टेकडी चढताना ट्रम्प, उतरताना आयातशुल्क आणि खाली चहाच्या टपरीवर निकाल: त्या देशाची अक्कलच गहाण पडली. याच मंडळींना सहज विचारावे, की तुमचा प्रभाग क्रमांक कोणता? चारांपैकी दोन नगरसेवकांची तरी नावे सांगता येतील? घरच्या नळाला येणारे पाणी कोणत्या टाकीतून येते? चहा निवेपर्यंत उत्तर येत नाही. मग कोणी तरी म्हणतो, ‘ते सोसायटीचे सेक्रेटरी बघतात.’

आधी अमेरिकेचे पाहू, कारण तिथली आकडेवारी आपल्याला वाटते तितकी सरळ नाही. ओईसीडी या संघटनेच्या प्रौढांच्या कौशल्यचाचणीत वाचनाच्या सर्वांत खालच्या पायरीवर राहिलेल्या अमेरिकनांचे प्रमाण २०१७ मध्ये १९ टक्के होते, ते २०२३ मध्ये २८ टक्क्यांवर गेले. म्हणजे टपरीवरचा निकाल अगदीच निराधार नाही. पण दुसरा आकडा नेमका उलट बोलतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे अॅनेनबर्ग केंद्र दरवर्षी नागरिकांना सरकारची तीन अंगे कोणती, असा साधा प्रश्न विचारते. २०१६ मध्ये जेमतेम चारांतल्या एकाला तिन्हींची नावे सांगता आली. २०२४ मध्ये तिघांतल्या जवळपास दोघांना. एकाच समाजात वाचन घसरते आणि राज्यव्यवस्थेची ही एवढी माहिती मात्र वाढते, हे कसे? मधल्या काळात तिथे एकाच अध्यक्षावर दोन महाभियोग झाले, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांवरून घराघरांत भांडणे झाली. जे शब्द शाळेच्या पुस्तकात पडून होते, ते जेवणाच्या टेबलावर आले आणि ध्यानात राहिले. आमचा अर्थ असा, की हुशारी आणि राजकीय जाण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरी वापराने येते आणि वापर थांबला की जाते.

हीच फुटपट्टी पुण्याला लावून पाहावी. महापालिकेच्या सभागृहाची मुदत १४ मार्च २०२२ रोजी संपली आणि दुसऱ्या दिवसापासून प्रशासक आला. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी, असे राज्यघटना सांगते. पण ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांच्या वादात ती अडकली, ती अखेर सर्वोच्च न्यायालयाने कान उपटल्यावर मार्गी लागली. मतदान झाले १५ जानेवारी २०२६ रोजी. या पावणेचार वर्षांत मुख्य सभा नाही, स्थायी समिती नाही, प्रेक्षक गॅलरी नाही. एरवी आयुक्त अंदाजपत्रक मांडतात, स्थायी समिती त्यात फेरफार करते, मुख्य सभा त्यावर चार दिवस का होईना भांडते आणि दुसऱ्या दिवशीच्या अंकातून ते भांडण शहराला समजते. प्रशासकाच्या काळात मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. २०२५-२६ चे १२ हजार ६१८ कोटी रुपयांचे अंदाजपत्रक याच रीतीने पार पडले. भांडण नाही, म्हणून बातमी नाही. बातमी नाही, म्हणून चर्चा नाही. नगरसेवकांची ‘स’ यादी म्हणजे काय, वर्गीकरणाने एका कामाचा निधी दुसऱ्या कामाला कसा जातो, हे कधीकाळी पेठांतल्या कट्ट्यांवर पाठ असे. आज ते ठेकेदारांनाच ठाऊक आहे.

त्यात भर म्हणून राज्यकर्त्यांनी परीक्षेचे नियमच दर वेळी बदलले. २००२ मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग, २००७ मध्ये एकाचा, २०१२ मध्ये दोघांचा, २०१७ मध्ये चौघांचा. मग तिघांचा ठरवून पुन्हा चौघांवर गाडी आली. या वेळी ४१ प्रभागांतून १६५ नगरसेवक निवडले गेले, म्हणजे एका प्रभागात सरासरी ८० हजारांहून अधिक वस्ती. तुंबलेल्या ड्रेनेजची तक्रार चौघांपैकी कोणाकडे न्यायची, हे नागरिकाला कळत नाही, आणि चौघांनाही ते कळू नये असेच वाटत असते. दर निवडणुकीत ज्याची हद्द, क्रमांक आणि माणसे बदलतात, तो प्रभाग लक्षात कसा राहावा? हे अज्ञान नागरिकाने कमावलेले नाही. ते त्याच्या पदरात घातलेले आहे.

अज्ञानाची किंमत पुण्याने मोजलेलीही आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात गीयन-बारे सिंड्रोमचे रुग्ण आढळू लागले. चालता-बोलता माणूस हातापायांतली शक्ती गमावून अतिदक्षता विभागात जात होता. संशय पाण्यावर आला, तेव्हा नांदेड, किरकटवाडी भागातल्या अनेकांना पहिल्यांदाच समजले, की आपल्या घरी पाणी विहिरीतून येते आणि शुद्धीकरण केंद्रातून न जाता केवळ क्लोरिन टाकून येते. २०२१ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आलेल्या २३ गावांचा हा पट्टा. कर महापालिकेचा, पण हक्काने जाब विचारावा असा नगरसेवक साडेचार वर्षे नव्हता. ती पोकळी भरली व्हॉट्सअॅपने. कोंबडी खाऊ नका, पनीर खाऊ नका, असे संदेश उच्चविद्याविभूषित गटांतून फिरले. हे लोक मूर्ख नव्हते. आपले पाणी कोठून येते, हे आधी कधी विचारण्याची वेळ आली नाही आणि सांगण्याची तसदी कोणी घेतली नाही.

पुण्याचे वैभव नेमके याच्या उलट वाटेने उभे राहिले. २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेचे मूळ पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीच्या तक्रारीत होते. एका देवस्थानाचा हिशेब मागता मागता हे शहर साम्राज्याचा हिशेब मागू लागले. सभेच्या सभासदाला निदान ५० जणांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. म्हणजे बोलण्यापूर्वी ५० दारे वाजवावी लागत. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या भेटीनिमित्त शहर सजवायला हजार रुपये मागण्यात आले, तेव्हा ते गरिबांच्या शिक्षणावर खर्चा म्हणणारे आणि विरोधात मत देणारे ते एकटेच होते. काँग्रेसचे पहिले अधिवेशनही १८८५ मध्ये पुण्यातच व्हायचे होते. पटकीच्या साथीने ते मुंबईला गेले. राष्ट्राच्या राजकारणाची गाडी गावच्या साथीपाशी अडली, हा धडा विसरण्यासारखा नाही.

एका मताने निकाल बदलत नाही, मग माहिती मिळवण्यात वेळ घालवणे हाच तोटा, असे अँथनी डाऊन्स या अर्थतज्ज्ञाने १९५७ मध्ये मांडले होते. देशाच्या निवडणुकीपुरता हा युक्तिवाद खोडणे अवघड आहे. प्रभागात मात्र तो लंगडा पडतो, कारण तिथे मतापेक्षा प्रश्नाला वजन असते. वेताळ टेकडीवरून रस्ता नेण्याच्या प्रस्तावाविरुद्ध २०२३ मध्ये हजारो पुणेकर चालले, तेव्हा त्यांच्यातल्या गृहिणी आणि विद्यार्थी विकास आराखडा आणि भूजल यांविषयी अधिकाऱ्यांना पेचात टाकतील असे बोलत होते. टेकडी आपली वाटली आणि अभ्यास आपोआप झाला.

म्हणून महापालिका आणि नागरिक, दोघांनाही चार शब्द सुनावणे प्राप्त आहे. माहिती अधिकाराचा केंद्रीय कायदा १२ ऑक्टोबर २००५ रोजी लागू झाला, त्या दिवशी देशातला पहिला अर्ज पुण्यातल्याच एका पोलीस ठाण्यात दाखल झाला. २००९ मध्ये तत्कालीन आयुक्त प्रवीणसिंह परदेशी यांनी आणखी एक पाऊल टाकले: दर सोमवारी दुपारी तीन ते पाच कोणीही यावे, अर्जाविना फाइल पाहावी. पुढे २०१८ मध्ये राज्य सरकारने हीच पद्धत महाराष्ट्रभर नेली. प्रभागातली छोटी कामे नागरिकांनीच अंदाजपत्रकात सुचवण्याची सोय तर या शहरात २००६ पासून आहे. इतकी दारे उघडी ठेवणारे दुसरे शहर शोधावे लागेल. आणि या दारांतून आत शिरणारी माणसे? मोजके कार्यकर्ते, काही निवृत्त. बाकीचे शहर टेकडीवर अमेरिकेची काळजी वाहते.

पण सोमवारी दुपारी तीनला कोणता नोकरदार, कोणती मोलकरीण, कोणता रिक्षावाला महापालिकेत येऊ शकतो, हेही विचारले पाहिजे. दार उघडे ठेवायचे आणि वेळ अशी निवडायची, की येणाऱ्याचा अर्धा दिवस जावा, ही पारदर्शकता अर्धीच झाली. नव्या सभागृहाने ही वेळ संध्याकाळी आणि शनिवारी न्यावी. पंधराही क्षेत्रीय कार्यालयांत प्रत्येक कामाचा खर्च, ठेकेदार आणि मुदत फलकावर लावावी. क्षेत्र सभेची तरतूद राज्याच्या कायद्यात २००९ पासून कागदावर आहे; नगरसेवकाने मतदारांसमोर बसून उत्तरे द्यावीत, एवढाच तिचा अर्थ. निवडून आलेल्या १६५ जणांनी सरकारच्या आदेशाची वाट न पाहता ती आपापल्या प्रभागात भरवली, तर त्यांना अडवणारे कोणी नाही.

राहता राहिला नागरिक. फुल्यांचे ते मत हरले, हजार रुपये खर्च व्हायचे ते झालेच असणार. पण कशावर आणि किती, हे त्या सभेत एका माणसाला नेमके माहीत होते आणि त्याने ते विचारले, म्हणून ती गोष्ट आज आपल्याला सांगता येते. १२ हजार ६१८ कोटींबद्दल अशी एकही गोष्ट पुण्यापाशी नाही. अमेरिकेच्या अकलेचा निवाडा थोडा लांबणीवर टाकता येईल. येत्या सोमवारी आपल्या गल्लीतल्या रस्त्याची फाइल मागायला काय हरकत आहे?