पाहुण्याला घर द्या, जमीन देऊ नका



वळवाचे एक-दोन पाऊस पडले की आपल्या डांगाणात काजवे चमकायला लागतात. सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ, सगळी झाडं रात्री पेटल्यासारखी दिसतात. लहानपणी आम्ही पोरं काजवा ओंजळीत धरायचो तर आजी ओरडायची, "सोड गं त्याला, पाऊस घिऊन आलाय तो." आपल्याला काजवा म्हणजे पेरणी जवळ आल्याची खूण. तो बघायला कोणी पैसे मोजून येईल असं तिला कधी वाटलं नसेल.

आता मे महिना संपत आला की मुंबई, पुणे, नाशिकच्या गाड्यांची शेंडी-भंडारदऱ्याच्या रस्त्याला रांग लागते. घाटघर, साम्रद, रतनवाडी, कुठंही जा, तंबूच तंबू. लोक येतात त्याचा मला राग नाही. आपलं रान चांगलं आहे म्हणून येतात. पण या येण्याजाण्यात आपल्या हाताला काय लागतं आणि हातातून काय जातं, याचा हिशेब आपण मांडलेला नाही. तो मांडावा म्हणून हे लिहिते आहे.

मागचे दोन सीझन मी आणि माझी आई एका तंबूवाल्याकडे स्वयंपाकाला होतो. मी बारावी झालेली, म्हणून हिशेबाची वही त्याने माझ्याकडेच दिली. त्या वहीनेच माझे डोळे उघडले. एका माणसाचे एका रात्रीचे १५०० रुपये. एका शनिवारी ६० माणसं, म्हणजे ९०,००० रुपये. आम्ही चौघी बाया पहाटेपासून रात्री बारापर्यंत भाकरी थापायचो, भांडी घासायचो, पाणी वाहायचो. रोज ४०० रुपये. चौघींचे मिळून १६००. म्हणजे एका पाहुण्याने जे दिलं जवळपास तेवढ्यात आम्ही चौघी दिवसभर राबलो. किराणा त्याचा, तंबू त्याचे, जाहिरात त्याची, हे मला कबूल आहे. पण जागा माझ्या चुलत्यांची होती. त्यांना अख्ख्या वर्षाचे ३०,००० मिळाले. एका शनिवारच्या गल्ल्याचा तिसरा हिस्सा.

त्याच सीझनला एक रात्र मोठं वादळ झालं. तंबू उडाले, गाद्या भिजल्या. एक बाई आपल्या लहान मुलीला घेऊन रडकुंडीला आली होती. आईने दोघींना आमच्या घरी आणलं. चुलीपाशी बसवलं, नागलीची भाकर आणि हुलग्याचं पिठलं वाढलं. घोंगडी अंथरून दोघी झोपल्या. सकाळी ती बाई म्हणाली, "आम्हाला असंच राहायचं होतं. तुम्ही घरीच का नाही ठेवत पाहुणे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्या घराची आपल्यालाच लाज वाटते, हे तिला कसं सांगू?

आता कागदाचं बोलू. चुलत्यांनी जागा दिली ती स्टॅम्पपेपरवर, नोटरी करून, दहा वर्षांसाठी. त्यांना वाटलं नोटरी झाली म्हणजे कायदेशीर झालं. साथींनो, तसं नाही. जमीन महसूल कायद्याच्या कलम ३६ अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला भाड्याने द्यायची असली तरी कलेक्टरची आधी मंजुरी लागते. पाच वर्षांपेक्षा जास्त मुदत असेल किंवा विक्री असेल तर त्यावर सरकारचीही मान्यता लागते. हे १९७४ पासून आहे. आणि वनपट्ट्याची जमीन? ती तर २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ४(४) प्रमाणे वारसाला मिळते, पण विकता येत नाही की दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. पण नुसता कायदा आहे म्हणून जमीन आपोआप परत येत नाही. एकदा ताबा गेला, संडास-बाथरूम बांधून झाले, की कचेरीचे हेलपाटे आपल्याच नशिबी येतात.

हे आज का लिहिते? कारण तोच तंबूवाला आता आमच्या वनपट्ट्याच्या तुकड्यासाठी घरी येऊन गेला. बा सही करायला तयार आहे. बहिणीचं लग्न काढलंय, हातात पैसा नाही. ज्या पट्ट्यासाठी बाने मोर्चे काढले, रात्री कचेरीसमोर उघड्यावर झोपला, तो पट्टा तीन पावसाळ्यांच्या भाड्यासाठी जाणार. मी बाला दोष देत नाही. गरज लागली की माणूस सही करतो. गरज आहे हे ओळखूनच तर तो माणूस घरी येतो.

आपल्याला हे नवीन नाही. भंडारदऱ्याचं धरण १९२६ ला पुरं झालं. आपल्या माणसांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या आणि पाणी खाली उसाला गेलं. १९८६ ला कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झालं, तेव्हा आपण आपल्याच रानात चोर ठरलो. आता आपल्या रानातला उजेडही दुसराच विकतो आणि आपण त्याची भांडी घासतो.

आणि तो उजेड तरी किती दिवस राहील? काजव्याची अळी कितीतरी महिने ओल्या मातीत, पाचोळ्यात राहते, गोगलगाई खाते. पंख फुटल्यावर काजवा थोडेच दिवस जगतो. तेवढ्यात नर-मादीने एकमेकांना उजेडाने हाक मारायची असते. तिथे गाडीचे हेडलाईट, मोबाईलच्या बॅटऱ्या, तंबूंच्या माळा लागल्या की त्यांना एकमेकांची खूण दिसत नाही. झाडाखाली गाड्या लावल्या की माती दबते, अळ्या चिरडतात. काजवे संपले की तंबूवाला दुसरीकडे जाईल. आपण कुठे जायचं?

आपली काही पोरं म्हणतात, "ताई, तुम्ही विरोध करून आमचा रोजगार घालवणार. मग परत नारायणगावला टोमॅटो तोडायला जायचं का?" त्यांचं म्हणणं खोटं नाही. सुगी संपली की अर्धी वाडी नारायणगावला जाते, हे मलाही माहीत आहे. म्हणून मी पाहुणे नकोत असं म्हणतच नाही. मी म्हणते, पाहुणे आपले असू देत. आपल्याच तालुक्यात पुरुषवाडीला पाहुणे लोकांच्या घरी राहतात, जेवतात. गडचिरोलीत मेंढा-लेखाने २००९ ला सामूहिक वनहक्क मिळवला आणि मग आपला बांबू ग्रामसभेने स्वतः विकला. त्यांनी बांबूचं केलं ते आपण काजव्यांचं का करू नये?

वनहक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये ग्रामसभेला अधिकार दिला आहे. रान, प्राणी, जैवविविधता राखायची, सामूहिक रानात कोणी कसं यायचं ते ठरवायचं, आणि नुकसान करणारं काम थांबवायचं. नाक्यावर वनखात्याची पावती फाडली म्हणजे आपला हक्क संपत नाही.

म्हणून येत्या ग्रामसभेत हे ठराव घ्यावेत असं माझं मत आहे:

१) कोणीही एकट्याने जमिनीच्या कागदावर सही करायची नाही. कागद आधी ग्रामसभेत वाचायचा.

२) झालेले करार बाहेर काढायचे. ज्याने सही केली त्याला कोणी नावं ठेवायची नाहीत. त्याच्या बाजूने सगळ्यांनी उभं राहायचं आणि कलेक्टरकडे अर्ज करायचा.

३) पाहुणे घरात, पाळीपाळीने. दर ग्रामसभेने ठरवायचा. त्यातला काही हिस्सा गावाच्या निधीला. लग्न, आजारपण अशी अडचण आली तर त्या निधीतून उचल द्यायची, म्हणजे कोणाला जमीन देऊन पैसा उभा करावा लागणार नाही.

४) गाड्या वेशीबाहेर. काजव्यांच्या झाडांकडे पायी, गावच्या पोरांबरोबर, बॅटरी आणि फ्लॅश बंद ठेवून.

५) घरात पाहुणा आला की काम वाढतं ते बाईचं. म्हणून जेवणाचे पैसे बाईच्या हातात पडले पाहिजेत. आणि पाणी भरायला घरातल्या पुरुषांनीही हंडा उचलायचा.

यातलं काही चुकत असेल तर ग्रामसभेत उठून बोला, मला राग येणार नाही. पण गप्प बसू नका.

परवा रात्री मी बाला कलम ४(४) वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं त्याने. मग बराच वेळ काही बोलला नाही. शेवटी म्हणला, "कागद राहू दे तसाच. गरामसभा काय म्हनती ते बघू."

बाने सही अजून केलेली नाही. आता आपण काय म्हणतो यावर आहे.

जिंदाबाद!

— संघटनेची एक कार्यकर्ती