जुनी गाडी, विमा आणि मिस्त्रीचे बिल

आम्हा कापडवाल्यांची एक सवय असते. तागा हातात आला की आधी वीण पाहायची, मग पन्ना मोजायचा आणि मगच भावाचे बोलायचे. मीटरमागे आठ आण्यांच्या फरकासाठी आम्ही पार्टीशी तासभर घासाघीस करतो. पण विम्याची पॉलिसी आली की तिच्यावरचा आकडासुद्धा न पाहता ती तिजोरीत ठेवून देतो. ही चूक मी वर्षानुवर्षे केली आणि शेवटी तिची किंमत मोजली. आपल्यापैकी अनेकांकडे जुन्या गाड्या आहेत, आणि त्या दुरुस्त करणारे डेंटर, पेंटर, मेकॅनिकही बहुतेक आपल्याच मोहल्ल्यातले आहेत. म्हणून हा अनुभव दोघांच्याही उपयोगी पडेल, असे वाटते.

माझ्या मरहूम वालिदांनी १९८४ साली प्रीमियर पद्मिनी घेतली. त्या काळी गाडीसाठी नंबर लावून थांबावे लागत असे. कापडाचे नमुने डिकीत टाकून ते मालेगावहून नाशिक, धुळ्याच्या व्यापाऱ्यांकडे जात. आता कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी निघणे बंद होऊन दोन दशके उलटली. मुंबईतली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीसुद्धा ३० ऑक्टोबर २०२३ रोजी निवृत्त झाली. घरात दुसरी गाडी आली तरी ही विकायला मन धजावले नाही. एका शौकीन गिऱ्हाइकाने दीड लाख रुपये सांगितले होते, मी नाही म्हणालो.

मागच्या वर्षी पावसाळ्यात नाशिकला जाताना राहुड घाटात मागून भरलेल्या टेम्पोने धडक दिली. गाडी पुढे जाऊन कठड्यावर आदळली. मागे डिकी चेपली. पुढे बॉनेट, मडगार्ड, जाळी आणि काच गेली. जिवावरचे संकट टळले, कोणाला खरचटलेही नाही. गाडी ओढून गावात आणली आणि आमच्या जुन्या मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये उभी केली. वालिदांच्या काळापासून या गाडीला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नाही. मी त्यांना चाचा म्हणतो.

पहिल्याच दिवशी ओळखीच्या एका एजंटने कानमंत्र दिला, "खर्च ६८ हजार असेल तर ८५ लिहा. सर्व्हेअर कापणारच आहे. जी.एस.टी. नंबरवाल्या दुकानाचे बिल मी आणून देतो." खोटे कशाला बोलू, क्षणभर माझे मन डळमळले. मी चाचांकडे पाहिले. ते म्हणाले, "सेठ, जेवढा हातोडा मारीन तेवढेच लिहीन. दुसऱ्याच्या दुकानाचे बिल माझ्या कामाला लावू नका." मी गप्प बसलो. पुढे कळले की ८५ काय, दोन लाख लिहिले असते तरी एक पैसा जास्त मिळाला नसता. उलट खोटा दावा उघडकीला आला तर खऱ्या नुकसानीचाही हक्क जातो, अशी अटच पॉलिसीत असते.

कारण खरी गोष्ट वेगळीच होती. सर्व्हेअर आले, त्यांनी पॉलिसी उघडली आणि एका आकड्यावर बोट ठेवले. गाडीची आय.डी.व्ही., म्हणजे विम्यासाठी जाहीर केलेली किंमत, फक्त ४० हजार रुपये होती.

हा आकडा नीट समजून घेतला पाहिजे. नव्या गाडीची किंमत कंपनीच्या विक्री-किमतीतून ठरावीक घट वजा करून काढतात. पण गाडी पाच वर्षांपेक्षा जुनी झाली किंवा तिचे मॉडेल बंद पडले, की हे कोष्टक संपते. पुढची किंमत विमा कंपनी आणि गाडीमालक यांनी आपसांत ठरवायची असते. म्हणजे आपल्याला तिथे बोलण्याचा पूर्ण हक्क आहे. आम्ही तो वापरतच नाही. एजंट मागच्या वर्षीचा आकडा उतरवतो, हप्ता कमी आला म्हणून आम्ही खूश होतो आणि सही करतो.

नियम असा की दुरुस्तीचा खर्च आय.डी.व्ही.च्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी पूर्ण नुकसानीत धरतात. ४० हजारांचे ७५ टक्के ३० हजार होतात आणि आमचा खर्च होता ६८ हजार. गाडी कागदावर मेली. ती मला स्वतःकडेच ठेवायची होती, म्हणून ४० हजारांतून मोडक्या गाडीची किंमत १२ हजार आणि सक्तीची वजावट १ हजार कापून २७ हजार रुपये हातात आले. उरलेले ४१ हजार मी घातले. मी कंपनीला दोष देत नाही. त्या आकड्याखाली सही माझीच होती.

आता दुसरी बाजू पाहा. हीच किंमत दीड लाख लिहिलेली असती तर? मला सांगण्यात आले की वर्षाचा हप्ता साडेतीन-चार हजारांनी वाढला असता. पण ६८ हजार हे दीड लाखाच्या ७५ टक्क्यांच्या आतच आहेत. म्हणजे गाडी दुरुस्तीत धरली गेली असती आणि हिशेब पुढीलप्रमाणे झाला असता.

दहा वर्षांवरील गाडीच्या पत्र्याच्या व इतर धातूच्या सुट्या भागांवर ५० टक्के कपात होते. २० हजारांचे १० हजार मिळाले असते. रबर-प्लॅस्टिकवरही ५० टक्के. ४ हजारांचे २ हजार. काचेवर कपात नाही. ५ हजार पूर्ण. रंगकामाच्या एकत्रित बिलात २५ टक्के भाग साहित्याचा धरतात आणि फक्त त्यावर निम्मी कपात करतात. १८ हजारांपैकी १५,७५० मिळाले असते. आणि डेंटिंग-फिटिंगची मजुरी २१ हजार, तिच्यावर कपात शून्य. बेरीज ५३,७५०. एक हजाराची वजावट जाऊन ५२,७५० रुपये. वर्षाला चार हजार वाचवण्याच्या नादात एका फटक्यात २५,७५० रुपये गेले.

या हिशेबातली शेवटची ओळ आपल्या कारागीर बंधूंनी पुन्हा वाचावी. सुट्या भागांची किंमत गाडीच्या वयाप्रमाणे कापली जाते, हाताच्या कामाची कापली जात नाही. चाळीस वर्षांच्या गाडीचा पत्रा ठोकून सरळ करणाऱ्याची मजुरी तेवढीच पूर्ण धरली जाते, जेवढी नव्या गाडीवर काम करणाऱ्याची. सर्व्हेअर ती वाजवी आहे की नाही हे पाहील, पण गाडी जुनी म्हणून निम्मी करणार नाही. जुन्या गाडीचे मूळ मडगार्ड सहसा मिळतही नाही. ते ठोकून पुन्हा उभे करणे हाच बहुधा उत्तम मार्ग असतो. म्हणजे विम्याच्या नियमातही कारागिराच्या हुनराला किंमत आहे. अट एकच, ती कागदावर दिसली पाहिजे.

आणि इथेच आपण मागे पडतो. चाचांनी पहिला अंदाज सिगारेटच्या पाकिटाच्या मागे एका ओळीत लिहून दिला होता, "गाडीचे पूर्ण काम, ६८ हजार." सर्व्हेअरने विचारले, यात पत्रा किती, रंग किती, मजुरी किती? चाचांना सगळे तोंडपाठ होते, पण तोंडाचा हिशेब फायलीत लागत नाही. असा एकरकमी अंदाज आला की सर्व्हेअर मजुरीचा भाग आपल्या मनाने ठरवतो आणि तो क्वचितच कारागिराच्या बाजूने ठरतो. कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारातून आणलेली जाळी आणि हेडलाइट यांचीही तीच गत. वस्तू अस्सल, पण पावती नाही, म्हणून हिशेबात जागा नाही.

आमचे कारागीर म्हणतात, बिल दिले की जी.एस.टी. मागे लागेल. ही भीती बरीचशी गैरसमजातून आहे. सुटे भागही लावायचे आणि मजुरीही घ्यायची, अशा गॅरेजची वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणीची सक्ती नाही. नोंदणी नसलेल्या गॅरेजनेही नाव, पत्ता, तारीख, गाडीचा नंबर, कामाचा तपशील आणि सही असलेले साधे बिल द्यायला काही हरकत नाही. त्यात कर लावायचा नाही, एवढेच. बिलबुक छापायला काही शे रुपये लागतात. ते नसल्यामुळे विम्याची कामे मोठ्या शोरूमकडे जातात आणि पत्र्याचा खरा जाणकार गल्लीत गिऱ्हाइकाची वाट पाहत बसतो. याचे मला अधिक वाईट वाटते.

विमा घ्यावा की न घ्यावा, यावर आपल्यात मतभेद आहेत. तो या पानाचा विषय नाही. रस्त्यावर गाडी आणायची तर मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. मात्र त्यातून आपल्या स्वतःच्या गाडीचे नुकसान मिळत नाही, हे लक्षात ठेवावे. ज्याने आपल्या गाडीचाही विमा उतरवला आहे, त्याने पैसे भरल्यावर हक्कही समजून घ्यावेत.

व्हिंटेज गाड्यांविषयीही गोंधळ आहे. २००२ च्या मोटार विमा दरपत्रकात ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेली आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने प्रमाणित केलेली गाडीच व्हिंटेज मानली गेली. आधी ठरलेली किंमत घट न कापता देणारी पॉलिसीही फक्त तिच्यासाठीच ठेवली होती. सरकारने २०२१ मध्ये नोंदणीचे वेगळे नियम केले, त्यात ५० वर्षांची मर्यादा आहे. आमची १९८४ ची पद्मिनी यापैकी कशातच बसत नाही. नवी नाही आणि कायद्याने पुराणीही नाही. अशा मधल्या गाड्यांच्या मालकांनी तर किमतीबाबत अधिकच जागे राहिले पाहिजे.

म्हणून काही गोष्टी सुचवतो. नूतनीकरणाच्या आधी गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढा, इंजिन-रंगकामाची बिले जपा, जमल्यास परवानाधारक सर्व्हेअरकडून मूल्यांकन करून घ्या आणि त्या आधारे किंमत लेखी मागा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी होणारे आर.टी.ओ.चे नूतनीकरण चुकवू नका. तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेल्या गाडीचा चोरीचा दावा नाकारणे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये योग्य ठरवले आहे. अपघात झाला की कंपनीला लगेच कळवा आणि पाहणी होईपर्यंत हातोडा लावू देऊ नका. चूक समोरच्याची असेल तर स्वतःच्या पॉलिसीतून न मिळालेल्या रकमेसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाता येते. तिथे अर्ज सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. मी टेम्पोच्या विमा कंपनीवर असा दावा केला आहे, तारखा चालू आहेत. आपल्या कंपनीने दावा चुकीने नाकारला किंवा महिनाभर दाद दिली नाही, तर मुंबई आणि पुण्यात विमा लोकपाल कार्यालय आहे. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

गाडी आता पुन्हा उभी आहे. चाचांनी मडगार्ड असे काढले आहे की जोड कुठे आहे ते मलाही सापडत नाही. यंदाच्या पॉलिसीवर दीड लाखाचा आकडा मी समोर बसून लिहून घेतला. चाचांसाठी बिलबुक छापून आणले आणि त्यातले पहिले बिल माझ्याच नावाचे फाडायला लावले. मजुरीच्या रकान्यात २१ हजार लिहिताना ते थोडे थांबले. म्हणाले, "आजवर कोणी मजुरी वेगळी लिहायला सांगितलीच नव्हती."