प्रकाशाची साक्ष

२८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात सी. व्ही. रामन आणि के. एस. कृष्णन यांना विखुरलेल्या प्रकाशात मूळ रंगाहून वेगळा रंग दिसला. ती रेणूंच्या कंपनांची खूण होती. द्रवांवर सापडलेला हा रामन परिणाम आज अर्धवाहक आणि क्वांटम पदार्थांच्या अभ्यासात रोज वापरला जातो.

मॉलिब्डेनम डायसल्फाइडच पाहा. वंगणात वापरला जाणारा हा काळपट पदार्थ लेझरखाली जेमतेम उजळतो. २०१० मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी त्याचा तीन अणूंच्या जाडीचा एकच पापुद्रा तपासला, तर तो लालसर चमकला! थर एकटा पडताच ऊर्जापट्ट्यांची मांडणी बदलते आणि इलेक्ट्रॉन थेट प्रकाश सोडून खाली उतरू शकतो. थर एक की दोन, हे रामन वर्णपटातल्या दोन शिखरांमधलं अंतर सांगतं. तेही नमुना न मोडता.

चिपनिर्मितीची आपली चर्चा गुंतवणुकीच्या आकड्यांतच अडकते. पण उद्याच्या चिपचा पदार्थ आधी लेझरच्या टेबलावर पारखला जातो. तशी टेबलं आपल्या विद्यापीठांत हवीत आणि ती हाताळणारे विद्यार्थीही. या अंकाचा आग्रह तोच आहे.